इनपुट म्हणजे कच्चा माल नव्हे

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगीत सोळा ब्लॉक होते आणि त्यांतल्या पाचांतच माणसं राहत होती. बाकीच्या अकरांना कुलपं. ज्यांनी ते घेतले होते ते अजून दादर-परळच्या खोल्या सोडायला तयार नव्हते. रविवारी सहकुटुंब यायचे, झाडू मारायचे, रिकाम्या खोलीत वर्तमानपत्र पसरून बटाटेवडे खायचे आणि संध्याकाळच्या बसने परत जायचे. जाताना एखाद्या दाराची कडी लावायची राहून जाई. मग खाडीवरून वारा सुटला की त्या बंद घरातलं दार दिवसभर आपटत राही आणि ते लावायला कोणी नसे. कितव्या मजल्यावरचं दार आपटतंय हे मला आवाजावरून ओळखू यायला लागलं होतं. दुसरा आवाज पायलिंगचा. समोरच्या चिखलात नव्या बिल्डिंगींचे खांब ठोकत असत, धप्प, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा धप्प. त्या मधल्या वेळात मी श्वास धरून बसत असे. दुपारी वाऱ्याची दिशा फिरली की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा वास घरात येई. कधी सडक्या अंड्यासारखा, कधी गोडसर.

घरात आम्ही दोघंच. बाबा आणि मी. आई राजापूरकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि तिची बदली ठाणे जिल्ह्यात करून घ्यायचे अर्ज बाबा वर्षानुवर्षं लिहीत होते. ती दिवाळीत आणि मे महिन्यात यायची. बाकीचं वर्ष तिचं पत्र यायचं, आठवड्याला एक. त्यात भात किती शिजवायचा, सुकट कशी भाजायची, कुळथाच्या पिठीला फोडणी कधी द्यायची हे सगळं लिहिलेलं असे. पण दोन माणसांचा भात मला कधी नीट जमला नाही. उरायचाच. संध्याकाळी बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन बुद्धवंदना म्हणत. आई असली की तिचा आवाज वरचा आणि बाबांचा खालचा, असे दोन्ही मिळून खोली भरून जाई. आता नुसता खालचाच आवाज. मी बरोबर म्हणायची, पण माझा आवाज आईच्या जागी पोचत नसे.

बाबा एक्साइजमध्ये इन्स्पेक्टर होते. कारखान्यात तयार होणाऱ्या मालावरचा कर नीट भरला जातो की नाही हे पाहायचं काम. तुर्भ्यापासून पुढच्या बऱ्याच कारखान्यांच्या फाइली त्यांच्या टेबलावर येत. त्या खात्यातल्या माणसाबद्दल लोक काय बोलतात ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते टोकाला जाऊन वागत. तपासणीला गेले तर कारखान्याचा चहा नाही, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं. नव्या वर्षाला बिल्डिंगीतल्या प्रत्येक घरी कारखान्यांची चार-चार कॅलेंडरं लटकायची. आमच्याकडे एक, तेही बाबांनी पैसे देऊन आणलेलं. दिवाळीत मिठाईचा पुडा घेऊन कोणी दाराशी आलं की ते उंबऱ्यातूनच परत पाठवीत, आणि मग स्वतः अर्धा तास अस्वस्थ होऊन गॅलरीत फेऱ्या मारीत. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "बाय, इथं कोणाच्या घरी जाऊन बसायचं नाही. आज ते शेजारी आहेत, उद्या त्यांची फाइल माझ्यापुढे येईल." परिणाम असा झाला की जिन्यात माझी चाहूल लागली की बायका बोलायच्या थांबत. "इन्स्पेक्टरसाहेबांची मुलगी" एवढंच माझं नाव होतं. कॉलेज सकाळचं, कॉमर्सचं पहिलं वर्ष, अकराला घरी. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणारी एकच व्यक्ती, जुहूगावातून मासे घेऊन येणारी हिराबाय. ती टोपली खाली ठेवून घरात डोकवायची आणि म्हणायची, "काय गो पोरी, आजपन येकलीच हाय? आयस कवा येनार?" तिच्याशी जास्त वेळ बोलता यावं म्हणून मी नको असताना घासाघीस करीत असे. तिला ते कळत असावं. तीही घाई करीत नसे.

अशात एका बजेटात नवीन कर आला. कर नवीन नव्हता, मोजायची रीत नवीन होती. तिचं नाव मॉडव्हॅट. आज सानपाड्याच्या माझ्या घराखाली वाणसामानाच्या दुकानात बिल येतं त्यावर कराचे दोन आकडे छापलेले असतात आणि पोरंटोरंसुद्धा जीएसटी जीएसटी करतात. पण ही सगळी कल्पना आपल्याकडे पहिल्यांदा आली ती त्या लांबलचक नावाने, आणि तेव्हा ती कोणालाच कळत नव्हती. बाबांनासुद्धा. पन्नाशी उलटलेले बाबा ऑफिसातून इंग्रजी परिपत्रकांचा गठ्ठा घरी आणू लागले. जेवण झालं की टेबल पुसून ते पसरीत, पेन्सिलीने खुणा करीत आणि एकेक वाक्य तीन-तीनदा वाचीत. एकदा ते चष्मा काढून म्हणाले, "तीस वर्षं एकच शिकलो. माल तयार झाला, त्यावर कर घ्या. आता म्हणतात, घेतलेल्यातला थोडा परत द्या. का द्या, ते काही डोक्यात शिरत नाही."

मी म्हटलं, "मला सांगा. मला सांगता सांगता तुम्हाला कळेल."

त्यांनी कॅलेंडरचं फाटलेलं पान उलटं केलं. "हं. समज एक तेलवाला आहे. त्याने शंभर रुपयांचं खोबरेल विकलं. कर दहा टक्के. किती?"

"दहा रुपये."

"ते तेल घेतलं साबणवाल्याने. त्याने त्याचा तीनशे रुपयांचा साबण केला. कर?"

"तीस."

"आतापर्यंत तो तीसच्या तीस भरायचा. आणि तेलावरचे दहा जे होते ते साबणाच्या किमतीत मुरलेले, त्यांच्यावरही पुन्हा कर. आता म्हणतात, साबणवाल्याने तेलाबरोबर आलेला गेटपास दाखवायचा, त्यावर लिहिलेलं असतं की दहा रुपये कर आधीच भरलाय. ते दहा तीसातून वजा. भरायचे वीस. पण वीसच का, सांग?"

मी त्या पानाकडे बघत राहिले. मग एकदम दिसलं. "तीनशेतले शंभर तर तेलवाल्याचे होते, बाबा. साबणवाल्याने वाढवले दोनशेच. दोनशेचे दहा टक्के वीस. ज्याने जेवढं वाढवलं तेवढ्यावरच त्याने कर द्यायचा."

बाबांनी पेन्सिल उचलली. मग त्यांनी माझ्या आकड्यांखाली एक रेघ ओढली आणि म्हणाले, "हे एवढं सोपं लिहायला यांना काय झालं होतं?" त्या दिवसापासून रोज जेवणानंतर आमचा तास सुरू झाला. कर कुठल्या मालावर वजा मिळतो, कुठल्यावर नाही, रजिस्टर दोन भागांत कसं ठेवायचं, मालाचा आकडा एकात आणि कराचा दुसऱ्यात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी अर्ज द्यायचा. आपण काय बनवतो आणि त्यात काय काय वापरतो, त्याची यादी खात्याला आधी लिहून द्यायची, पोच घ्यायची, आणि मगच वजावट. यादीत नाही ते मिळणार नाही. परिपत्रकात त्या वापरलेल्या वस्तूंना शब्द होता इनपुट. मी माझ्या वहीत त्याच्यापुढे लिहिलं, कच्चा माल. बाबांनी ती वही कधी तपासली नाही.

जयू शिंगटे आमच्याच मजल्यावर समोर राहायची. माझ्याएवढीच. तिच्या वडिलांचा तुर्भ्याला भाड्याच्या गाळ्यात छोटा कारखाना होता. मिक्सर आणि शिलाई मशीनच्या लहान मोटारी बनवायचे, कामाला सहा माणसं. माणसं मूळची साताऱ्याकडची. एका दुपारी जयूने आमचं दार वाजवलं. "तुमच्या नळाला पाणी आहे का?" मी म्हटलं आहे. ती आत आली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून पाहिला, बंद केला आणि म्हणाली, "आमच्याकडेपण आहे. म्हटलं, बघू तरी ही मुलगी दिवसभर करते काय." मी इतकी हसले की मला माझाच आवाज अनोळखी वाटला. त्यानंतर ती यायला लागली, आणि मग मी तिच्याकडे. कॉलेजातून आले की बाबा यायच्या वेळेपर्यंत समोरचं घर माझंच होतं. काकू बाजरीची भाकरी थापायच्या, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. त्या मला वाढायच्या, पण माझ्याशी फारसं बोलायच्या नाहीत. जयू मात्र अखंड बोलायची. सिनेमातल्या साड्या, सांगलीचा एक दूरचा नातेवाईक, कॉलेजमधल्या सरांची चाल. मी ऐकत बसायची. बाबांचा नियम मी मोडत होते हे मला पुरतं कळत होतं. रोज संध्याकाळी साडेपाचला उठताना ठरवायची, उद्या नाही, आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी पुन्हा तिथे असायची.

एका शनिवारी शिंगटेकाका घरी होते. वार्निशचा वास त्यांच्या कपड्यांना कायमचा चिकटलेला असे. ते माझ्यापुढे येऊन बसले. "पोरी, जयू म्हनती तुला ह्यो नवा टॅक्स कळतो. खरं का?"

मी जयूकडे पाहिलं. जयू म्हणाली, "सांग की गं. मला साबणाचं सांगितलंस तसं."

"तुझ्या वडिलांना इचारता येत न्हाई," काका म्हणाले. "मी इचारायचं बी न्हाई आन त्यांनी सांगायचं बी न्हाई, ते मला कळतं. चेंबूरला एक कन्सल्टंट हाय, त्यो फी मागतो तेवढ्यात माझं एक मशीन येतंय. आन जेवढा उशीर तेवढं नुकसान, असं सगळे म्हनत्यात."

मला काय झालं होतं हे आता साठीकडे झुकताना मी प्रामाणिकपणे सांगू शकते. एक मोठा माणूस माझ्यापुढे बसून मला विचारत होता. त्या बिल्डिंगीत मला पहिल्यांदाच कोणी तरी काही मागत होतं. मी हो म्हटलं. त्यांनी वहीच्या पानावर मोटारीत काय काय जातं ते मराठीत लिहून आणलं होतं: तांब्याची वायर, स्टॅम्पिंग म्हणजे पत्र्याच्या कापलेल्या चकत्या, वार्निश, इन्सुलेशनचा कागद, बॉल बेअरिंग. मी एकेक करून इंग्रजीत उतरवू लागले. बेअरिंगपाशी थांबले. बेअरिंग मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. गुळगुळीत, चकचकीत, कंपनीचं नाव छापलेल्या खोक्यात येणारं. मी म्हटलं, "काका, हे यात नाही बसत. हा कच्चा माल नाही. हा तर तयार माल आहे. उगाच घातलं तर अख्खा अर्ज परत येईल." आणि मी त्यांच्या ओळीवर सरळ काट मारली.

काका म्हणाले, "आसं व्हय? तू म्हनतीस तर आसंल." चार प्रतींसाठी कार्बन घालून मी अर्ज लिहिला, खाली त्यांनी सही केली. यादी छोटी आणि नीटस दिसत होती. मला तिचा अभिमान वाटला होता.

काकांना पोच मिळाली, आणि त्यानंतर ते रजिस्टर स्वतः लिहू लागले. त्यात एक गोष्ट अशी झाली की बेअरिंगच्या गेटपासवरही कर भरलेला दिसला, म्हणून त्यांनी तोही वजा करून टाकला. मी काट मारली होती ती अर्जात, काकांना वाटलं तेवढ्यापुरतीच. त्यांनी मला विचारलं नाही आणि मी रजिस्टर पाहिलं नाही. बेअरिंग ही मोटारीतली महागाची वस्तू. पाच-सहा महिने ही वजावट चालू राहिली. वाचलेल्या पैशांवर विश्वास ठेवून काकांनी वाइंडिंगचं, तार गुंडाळायचं, दुसरं मशीन आणलं. त्या दिवशी काकूंनी शिरा केला होता, आणि पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "घे गं अजून."

श्रावण संपता संपता एका संध्याकाळी बाबा घरी आले. नेहमीसारखे हातपाय धुतले, वंदना म्हटली. मग टेबलापाशी बसून मला हाक मारली.

"बाय, इनपुट म्हणजे काय?"

"कच्चा माल," मी लगेच म्हटलं.

"कुठे लिहिलंय? पुस्तक आण."

मी नियमांचं पुस्तक आणलं. त्यांनी कलमावर बोट ठेवलं. मी वाचलं. माल बनवण्यासाठी वापरलेल्या वस्तू, असा त्याचा अर्थ होता. "यात कच्चा हा शब्द दाखव," बाबा म्हणाले. मी पुन्हा वाचलं. शब्द नव्हता. "पक्की वस्तू असली तरी ती दुसऱ्या वस्तूत गेली की तिथे ती इनपुटच. तेलवाल्याचं तेल त्याच्या दृष्टीने पक्कंच होतं की." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. मी लिहिलेला अर्ज. कार्बनची निळी प्रत. चौथीत असताना दुरेघी वहीत इंग्रजी अक्षरं मला बाबांनीच गिरवायला लावली होती. माझा जी आणि त्यांचा जी एकच होता.

"आज शिंगट्यांच्या गाळ्यात तपासणी होती," ते म्हणाले. "बेअरिंगची वजावट घेतलीय, यादीत बेअरिंग नाही."

मी पुस्तक मिटलं. मी म्हटलं, "त्यांनी लिहिलं होतं, बाबा. मी खोडलं."

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. बाहेर कुठल्या तरी मजल्यावर दार आपटत होतं. मी म्हटलं, "मग तुम्ही द्या ना वजावट. चूक माझी आहे. कर तर त्यांनी खराच भरलेला आहे."

"भरलेला आहे. पण आधी सांगितलं नाही. नियम तेवढाच बघतो." बाबांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "अठरा हजारांवर रक्कम जाते. चूक तुझी आणि पैसे त्यांचे. सगळ्यात वाईट ते हे."

त्यांनी दोन कागद लिहिले. एक, बेअरिंगवर घेतलेली वजावट यादीत नसल्यामुळे वसूल करावी, असा अहवाल. दुसरा सुपरिंटेंडेंटना: हा अर्ज माझ्या मुलीच्या हस्ताक्षरातला आहे, तो तिने माझ्या नकळत लिहिला, तरी ही फाइल माझ्याकडून काढून घेऊन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी. दुसरा कागद त्यांनी मला वाचायला दिला. मी विचारलं, "याने तुमचं काय होईल?"

"होईल ते होईल. उद्या सकाळी तू समोर जा आणि त्यांना सांग. नोटीस जायच्या आधी."

"तुम्ही चला ना."

"मी आलो तर ते मला साहेब म्हणतील आणि गप्प बसतील. तू गेलीस तर त्यांना जे म्हणायचंय ते म्हणतील. तेवढा त्यांचा हक्क आहे."

गेले. मी दारातच सांगितलं, आत बसायचा धीर झाला नाही. काका दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण तसाच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बेअरिंग मी लिवलं हुतं," एवढंच म्हणाले, आणि ते विचारल्यासारखं होतं. मी म्हटलं, "हो काका, तुम्ही लिहिलं होतं." काकू आतून आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. "मी म्हनत हुते का न्हाई? इन्स्पेक्टरची पोरगी घरात कशाला? बापानंच धाडली असंल, आतलं काय काय हाय ते बघायला!" काका म्हणाले, "गप बस." पण त्यांनी नाही म्हटलं नाही. जयू खिडकीपाशी केस विंचरत उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने फणीतले केस काढून त्यांची गुंडाळी केली, ती खिडकीबाहेर टाकली आणि आतल्या खोलीत गेली.

पुढचे महिने मला फारसे आठवत नाहीत, किंवा आठवतात ते एकाच लांब दुपारसारखे. काकांना नोटीस आली. नवं मशीन आलं तसं परत विकलं गेलं आणि ते चालवायला ठेवलेला माणूसही गेला. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण त्याचा विचार अजून येतो. बाबांची बदली उरणकडे झाली. न्हावा शेव्याला बंदर बांधलं जात होतं, चिखलात शेड उभ्या राहत होत्या, तिथलं काही काम. खात्यात याला शिक्षा म्हणत नाहीत. सकाळी सहाच्या एसटीने निघायचे, परत यायला साडेआठ-नऊ. समोरचं दार चार पावलांवर होतं आणि ते उघडायच्या वेळा मला पाठ होत्या. त्या वेळांना मी जिन्यात जाणं टाळायची. हिराबाय एक दिवस म्हणाली, "ती सामनेवाली पोर येत नाय आता? भांडलाव काय?" मी म्हटलं, "नाही, माझंच चुकलं." तिने टोपलीतले दोन बोंबील जास्तीचे टाकले आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. मी बाबांच्या नियमाविरुद्ध ते ठेवून घेतले.

आईला सगळं लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं, नेहमीपेक्षा लहान. रडून झालं असेल तर ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाच, या वेळी शब्द स्वतःच्या मनाने बदलू नकोस. शाळेतल्या पोरांना सांगते तसंच मला सांगितलं होतं. मी वाचायला बसले. डिक्शनरी शेजारी घेऊन, दिवसाला दोन पानं. आणि एका ठिकाणी एक कलम सापडलं. अर्ज देण्याआधी आलेला माल जर अजून कारखान्यात शिल्लक पडून असेल, तर अधिकाऱ्याची खातरी पटवून त्याच्यावरचा कर वजा मिळू शकत होता. वापरून झालेल्या बेअरिंगांचं काही होणार नव्हतं. पण जी अजून खोक्यांत होती त्यांचं होऊ शकत होतं. आणि नवा अर्ज दिला तर पुढचं सगळंच सुटत होतं. काकांनी नवा अर्ज दिलाय की नाही हेही मला माहीत नव्हतं.

बाबांना मी विचारलं नाही. नवा अर्ज लिहिला, त्यात बेअरिंग सगळ्यात वर. शिल्लक मालासाठी दुसरा अर्ज. दोन्ही कागद आणि ते पुस्तक घेऊन समोरचं दार वाजवलं. काकांनीच उघडलं. मी कलम दाखवलं आणि इंग्रजी वाक्याचा अर्थ एकेका शब्दाने सांगितला. त्यांनी आत बोलावलं नाही. पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं, मग विचारलं, "ह्यात तुझ्या मनाचं किती हाय?"

"काहीच नाही, काका. मनाचं असेल तर मी तसं सांगेन."

त्यांनी कागद घेतले. दार लावलं. पुस्तकही आत गेलं, ते मागायची माझी हिंमत झाली नाही.

शिल्लक खोक्यांवरचा कर मिळाला. एकूण रकमेच्या पाचव्या हिश्श्याएवढा असेल. ही बातमी मला कोणी सांगितली नाही. थंडी सुरू झाली होती तेव्हा एका रविवारी काका आमच्या दाराशी आले, पुस्तक परत केलं आणि बाहेरूनच म्हणाले, "तुझं कॉलेज अकराला सुटतं न्हवं? बारा ते पाच गाळ्यावर ये. रजिस्टर लिहायचं. पगार देईन, फुकट न्हाई. आन काय बी खोडायचं आसंल तर आदी मला इचारायचं." मी म्हटलं, "आणि काकू?" ते म्हणाले, "ती गाळ्यावर येत न्हाई."

बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. पण त्यांची बदली झाली होती, ती फाइल आता त्यांची नव्हती, त्या गाळ्याशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. ते म्हणाले, "जा."

त्या गाळ्यावर मी सहा वर्षं काम केलं, आणि पुढे त्याच कामावर आयुष्य काढलं. जयू कधी कधी वडिलांचा डबा घेऊन यायची. माझ्या टेबलापाशी उभी राहून विचारायची, "बाबा कुठायत?" मी सांगायची, मागे आहेत. ती मागे जायची. एवढंच आमचं बोलणं. दोन वर्षांनी तिचं सांगलीला लग्न झालं. पत्रिका बाबांच्या नावाने आली होती, पोस्टाने, चार पावलांवरून. मी गेले, अक्षता टाकल्या, स्टेजवर ती माझ्याकडे बघून हसली. सगळ्यांकडे बघून हसत होती तशीच.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. काका गेले, बाबा जा म्हणाले, आणि मी तिथेच उभी राहिले. मनात साचलेलं एकदम बाहेर आलं. मी म्हटलं, "बाबा, मी तुमचं ऐकलं नाही. सहा महिने रोज त्यांच्या घरी जात होते. जेवत होते. सुपरिंटेंडेंटच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, 'माझ्या नकळत'. तुम्हाला खोटं पाडलं मी."

बाबांनी पेपरची घडी केली. "अर्जाचं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तिथे खरं तेच लिहिलंय. तू जायचीस ते माहीत होतं."

"कसं?"

"घरात गुणगुणायला लागली होतीस. भांडी घासताना, भात टाकताना. आई इथे नसली की या घरात कोणी गुणगुणत नसे." ते समोरच्या अर्धवट बिल्डिंगीकडे बघत होते. रविवार असल्यामुळे पायलिंग बंद होतं. "रोज जिना चढताना ठरवायचो, आज विचारायचं. पण मी विचारलं असतं तर तुला जाणं बंद करावं लागलं असतं."